एमएस ऑफिसची सीडी हरवलीय आणि जुन्या मराठी फाइली वाचता येत नाहीयेत? फॉरमॅट मारायच्या आधी हे करून बघा

मागच्या वर्षी आमच्या गावच्या वाचनालयातला जुना कॉम्प्युटर कायमचा बंद पडला. हार्डडिस्क चांगली होती म्हणून ती काढून केसिंगमध्ये घातली आणि सगळ्या फाइली नव्या लॅपटॉपवर घेतल्या. एकेक उघडायला लागलो तर सभासदांची यादी, सभांची इतिवृत्तं, २००४ सालची स्मरणिका, सगळीकडे नुसती रोमन अक्षरांची खिचडी. दुकानात दाखवलं तर उत्तर मिळालं की फाइली करप्ट झाल्यात, ऑफिसची ओरिजनल सीडी आणा, नाहीतर सगळं फॉरमॅट मारून नवीन टाकतो. सीडी कुठून आणणार, ती बॉक्ससकट कधीच रद्दीत गेली होती. आणि खरं सांगायचं तर त्या फाइलींना काहीसुद्धा झालेलं नव्हतं, नव्या लॅपटॉपवर एक फॉन्ट नव्हता, बास. तो फॉन्ट त्याच जुन्या हार्डडिस्कवर पडलेला होता.

तेव्हापासून शाळा, सोसायट्या, छोटे प्रकाशक, ओळखीतले वकील अशा बऱ्याच जणांच्या फाइली बघितल्या. दहातल्या सात-आठ वेळा फाइल शाबूत असते आणि सीडीची गरजच नसते. म्हणून नीट बसून सगळं लिहून काढतोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. मूळ फाइलीला हात लावायचा नाही. तिची कॉपी करायची, कॉपी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि जे काय प्रयोग करायचे ते कॉपीवरच. वर्ड बंद करताना 'सेव्ह करू का' विचारलं की नाही म्हणायचं. हे मी इतकं ठासून का सांगतोय तर गिचमिड दिसणारी फाइल कुणीतरी वैतागून 'प्लेन टेक्स्ट' म्हणून सेव्ह करतं आणि मग जी माहिती वाचवता आली असती ती खरोखरच जाते. फाइल फ्लॉपीवर किंवा जुन्या सीडीवर असेल तर थेट तिथून उघडू नका, आधी हार्डडिस्कवर उतरवून घ्या, कारण ती डिस्क पुढच्या वेळी वाचली जाईलच असं नाही.

आता गिचमिड नेमकी कसली आहे ते बघायचं. अर्धा निकाल इथंच लागतो.

पहिला प्रकार, नुसत्या रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, पण शब्दांमधल्या जागा, परिच्छेद, टेबलं सगळं जागच्या जागी. म्हणजे मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, आकृती, शिवाजी, सीडॅकचे सुरेख-योगेश अशा कुठल्या तरी जुन्या फॉन्टात टाइप केलेला आहे आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाहीये. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा वेगळा नंबर देणारी पद्धत, घराघरात पोचायच्या आधी कॉम्प्युटरला 'म' नावाचं अक्षर माहीतच नव्हतं, तो इंग्रजी अक्षराचाच नंबर साठवायचा आणि फॉन्ट त्या नंबरावर 'म'चं चित्र काढायचा. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द खरं तर ई, जे, के, मोठा बी आणि एच असा साठवलेला असतो. फॉन्ट गेला की चित्रं गेली आणि खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडली. माहिती जशीच्या तशी आहे.

दुसरा प्रकार, सगळीकडे डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन 'ए' आणि त्याच्या शेजारी चार पाय फुटलेला बारीक गोल, असं परत परत तेच. हा मजकूर चांगला युनिकोड मराठी आहे, फक्त तो चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे नंबरांवरून अक्षरं ओळखायच्या चुकीच्या पद्धतीने उघडलाय. सरकारी साइटवरून किंवा गूगल फॉर्मवरून आलेली सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल, एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडली की हमखास हेच होतं. यात घाबरण्यासारखं काहीच नाही. कोरं एक्सेल उघडा, 'डेटा' टॅबमध्ये जा, 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, फाइल निवडा आणि 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ युनिकोड यूटीएफ-८ निवडा, खाली लगेच मराठी नावं दिसायला लागतात, मग लोड करा. परत सेव्ह करताना साधं सीएसव्ही न घेता 'सीएसव्ही यूटीएफ-८' घ्या, नाहीतर पुढच्या माणसाला तोच त्रास. साधी टेक्स्ट फाइल असेल तर ती वर्डमधून उघडा, बहुतेक वेळा कुठलं एन्कोडिंग ते विचारणारी खिडकी येते, तिथे यूटीएफ-८ निवडायचं.

तिसरा, चौकोनी डबे. म्हणजे अक्षर आहे पण त्याचं चित्र निवडलेल्या फॉन्टात नाही. सगळं सिलेक्ट करून निर्मला यूआय किंवा मंगल फॉन्ट लावून बघा, मजकूर युनिकोड असेल तर तिथल्या तिथे दिसेल. विंडोज १० पासून मंगल आपोआप येत नाही, पण त्याला कसलीही सीडी लागत नाही, सेटिंग्जमध्ये 'ऑप्शनल फीचर्स' शोधा आणि त्यातून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' टाका, मंगलबरोबर कोकिळा, अपराजिता, उत्साहसुद्धा येतात. मंगल नसला तरी विंडोज स्वतःहून निर्मला लावून मजकूर दाखवतं, पण ओळी आणि पानं सरकतात, म्हणून अनुक्रमणिका असलेल्या फाइलीला तो टाकून घेतलेला बरा.

चौथा प्रकार वाईट. सगळीकडे प्रश्नचिन्हं. शब्दागणिक नुसती प्रश्नचिन्हांची रांग दिसत असेल तर बहुतेक कुणीतरी युनिकोड मजकूर जुन्या 'एएनएसआय' पद्धतीने सेव्ह केलाय, आणि तेव्हा प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं गेलंय. ही फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरने परत मराठी होत नाही, कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तर देऊ नका. तिची आधीची कॉपी शोधा, कुणाला मेल केली होती का, पेनड्राइव्हवर आहे का, छापील प्रत आहे का. नोटपॅडमध्ये हे फार व्हायचं, २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून त्यात यूटीएफ-८ हाच डिफॉल्ट आला आणि तेव्हापासून जरा कमी झालंय.

फॉन्ट शोधायचा कसा

पहिल्या प्रकारात कुठला फॉन्ट हवाय ते फाइल स्वतःच सांगते. गिचमिडीवर क्लिक करा आणि वर होम टॅबमधल्या फॉन्टच्या खिडकीत बघा, फॉन्ट मशीनवर नसला तरी त्याचं नाव तिथे दिसतं. पूर्ण यादी हवी असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, त्यात खाली 'शो डॉक्युमेंट कंटेंट'मध्ये 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' असं बटण आहे, कुठला फॉन्ट नाहीये आणि त्याच्या जागी वर्डने काय लावलंय ते सगळं तिथे येतं. वर्ड चालतच नसेल तरी डॉकएक्स फाइलीचं नाव बदलून शेवटी झिप करा, ती उघडेल, आत 'वर्ड' फोल्डरात 'फॉन्टटेबल' नावाची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडा, नावं तिथे लिहिलेली असतात.

नाव कळलं की तो फॉन्ट आधी आपल्याच घरात शोधा. जुन्या मशीनची हार्डडिस्क असेल तर तिच्यातल्या विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर. श्रीलिपी किंवा सीडॅकचं आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना वाटतं की सीडी नाही, लॉक नाही, म्हणजे संपलं. लॉक म्हणजे ते पोर्टला लावायचं डोंगल, ते हरवलं की सॉफ्टवेअर चालत नाही हे खरंय. पण सॉफ्टवेअर लागतं टाइप करायला. वाचायला आणि प्रिंट काढायला नुसता फॉन्ट पुरतो. फॉन्टवर राइट क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल युझर्स' घ्या, साधं इन्स्टॉल केलं तर नव्या विंडोजमध्ये तो फक्त तुमच्या लॉगिनला बसतो आणि पेजमेकरसारख्या पुस्तकांची पानं लावायच्या काही जुन्या प्रोग्रामना दिसतच नाही. मग वर्ड बंद करून परत उघडा. आमची स्मरणिका त्या क्षणी अशी लखलखीत उघडली की वाचनालयाचे जुने कार्यवाह तिथेच बसून पहिल्या पानापासून वाचायला लागले.

नेमका तोच फॉन्ट मिळत नसेल तर त्याच कंपनीच्या त्याच सिरीजमधला दुसरा फॉन्ट कॉपीवर लावून बघा, बऱ्याचदा अक्षरांची मांडणी सारखीच असते, फक्त वळण वेगळं. पण श्रीलिपीच्या मजकुराला कृतिदेव लावून काही उपयोग नाही, प्रत्येक घराण्याचा हिशोब वेगळा. आणि हे फॉन्ट विकत घ्यायचे असतात हे विसरू नका, आपल्या जुन्या मशीनवरचा आपण घेतलेला फॉन्ट वापरणं वेगळं आणि कुठल्याही साइटवरून पाचशे फॉन्टांची झिप उतरवणं वेगळं. त्या झिपमधून फॉन्टबरोबर अजून काय काय येतं याचा भरवसा नसतो.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे. जुन्या फॉन्टातली फाइल उघडून तिच्यात काही टाइप करायचं असेल तर आधी वर्डचं ऑटोकरेक्ट बंद करा. वर्डला वाटतं हे इंग्रजी आहे, म्हणून तो वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि सरळ अवतरणचिन्हं गोल करतो. आता कृतिदेवात छोटा ई म्हणजे 'म' आणि मोठा ई म्हणजे अर्धा 'म्', छोटा जे म्हणजे 'र' आणि मोठा जे म्हणजे 'श्र', छोटा के म्हणजे काना आणि मोठा के म्हणजे 'ज्ञ'. म्हणजे वर्डने मदत म्हणून एक अक्षर मोठं केलं की 'मराठी'चा 'म' अर्धा होतो. एका संस्थेची घटना अशीच दुरुस्त करताना दर परिच्छेदाच्या सुरुवातीला बिघडली होती आणि छापून आल्यावर लक्षात आलं.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं

वाचता आलं म्हणून थांबू नका, मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवला तर परत ही वेळ येणार नाही, शिवाय शोधता येतं, मोबाइलवर वाचता येतं, मेल करता येतं. यासाठी कन्व्हर्टर लागतो. कृतिदेवसाठी ब्राउझरमध्ये चालणारे फुकट कन्व्हर्टर भरपूर आहेत, श्रीलिपी आणि आयएसएमच्या नव्या आवृत्त्यांमध्ये तो आतच येतो, म्हणजे ओळखीच्या डीटीपीवाल्याकडे नवं सॉफ्टवेअर असेल तर तो पाच मिनिटांत करून देईल. खाजगी कागद असतील, म्हणजे आधार नंबर, कोर्टाची कामं, पेशंटची माहिती, तर ती अनोळखी साइटवर चिकटवू नका, ऑफलाइन चालणारा कन्व्हर्टरच वापरा.

कन्व्हर्टरचं काम वाटतं तितकं सरळ नाही. कृतिदेवात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते आणि युनिकोडमध्ये नंतर, रफार बरोबर उलटा, त्यात 'ख', 'भ', 'ण', 'श' ही अक्षरं अर्धं अक्षर आणि काना अशा दोन तुकड्यांनी बनलेली. म्हणून सगळी फाइल एकदम न ढकलता आधी एक पान करून बघा आणि त्यात मुद्दाम अवघड शब्द तपासा. मी बघतो ते शब्द हे: स्थिती, मूर्ती, ज्ञानेश्वर, श्रीकृष्ण, कर्तृत्व, ऑक्टोबर, बाळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं, आचार्यांना आणि आचाऱ्यांना. बरेच कन्व्हर्टर हिंदी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेत, त्यांना आपला 'ऱ्या' माहीतच नसतो, दऱ्यांचा दर्या होऊन बसतो आणि स्पेलचेकलाही ते सापडत नाही कारण दोन्ही शब्द बरोबर आहेत. 'ॲ'चंही तसंच. युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ साली आलं, त्याआधीचे लोक 'अ' ला वर चंद्र जोडून काम भागवायचे, डोळ्याला सारखंच दिसतं पण शोधताना 'ॲडव्होकेट' सापडत नाही, म्हणून फाइंड-रिप्लेसने एकच रूप करून टाका.

मजकुरात मधेमधे खरं इंग्रजी असेल, मेल पत्ते, औषधांची नावं, तर कन्व्हर्टर त्यांचंही मराठी करून टाकतो आणि ते वाचण्यासारखं उरत नाही. त्यासाठी वर्डच्या फाइंडमध्ये 'फॉरमॅट' वापरून फॉन्टच्या नावाने शोधा, फक्त तेवढा मजकूर सिलेक्ट होतो, तेवढाच कन्व्हर्ट करा. वेळ जातो, पण यादीत पत्ते आणि फोन नंबर असतील तर हा वेळ द्यायलाच हवा.

कधी कधी मजकूर कॉपी केला की नोटपॅडमध्ये नुसते डबेच येतात, कन्व्हर्टरला काहीच समजत नाही. काही जुने फॉन्ट 'सिम्बॉल' जातीचे असतात आणि वर्ड त्यांची अक्षरं वेगळ्याच कप्प्यात ठेवतो, त्यामुळे असं होतं. पीडीएफमधून कॉपी करतानाही हेच, स्क्रीनवर सुंदर मराठी आणि चिकटवल्यावर कचरा, कारण पीडीएफच्या आत फॉन्ट भरलेला असतो म्हणून ती दिसते नीट, पण खालची अक्षरं जुनीच. अशा वेळी अक्षरांच्या मागे लागू नका, चित्राच्या मागे लागा. पीडीएफ किंवा स्कॅन गूगल ड्राइव्हवर चढवा, राइट क्लिक करून 'ओपन विथ गूगल डॉक्स' करा, तो चित्रातून मराठी वाचून युनिकोड मजकूर देतो. मोठी फाइल असेल तर दहा-दहा पानांचे तुकडे करा. नेटवर टाकायची नसेल तर टेसरॅक्ट म्हणून फुकट प्रोग्राम आहे, त्याला मराठीचा डेटा वेगळा मिळतो. दोन्हींत जोडाक्षरं, आकडे आणि अनुस्वार तपासावे लागतात, विशेषतः आकडे, जमिनीच्या कागदात ५ आणि ६ ची अदलाबदल झाली तर किती महागात पडेल विचार करा.

फाइल खरंच बिघडलेली असेल तर

वर्ड म्हणतोय 'फाइल करप्ट आहे', किंवा उघडतच नाही. आधी फाइल जी म्हणवते ती आहे का ते बघा. कॉपी नोटपॅडमध्ये उघडा आणि फक्त पहिली दोन-चार अक्षरं वाचा. सुरुवातीला कॅपिटल पी आणि के दिसले तर ती झिप जातीची, म्हणजे डॉकएक्स किंवा एक्सएलएसएक्स, कारण २००७ पासूनच्या ऑफिस फाइली आतून झिपच असतात. टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ असं दिसलं तर ती पीडीएफ. महिरपी कंस, उलटी तिरकी रेघ आणि आरटीएफ दिसलं तर आरटीएफ. व्हॉट्सॲपवरून किंवा नाव बदलताना शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतरची अक्षरं, चुकलेलं असतं, ते बरोबर केलं की फाइल उघडते, एवढं सोपं. आणि साइज दिसतेय पण आत सगळं कोरं असेल तर पेनड्राइव्ह मधेच ओढून काढल्यामुळे फाइल शून्यांनी भरलीय, तिच्यात काही उरलेलं नाही.

शेपूट बरोबर असेल तर वर्डमध्ये फाइल, ओपन, ब्राउझ, फाइल सिलेक्ट करा पण 'ओपन'वर न दाबता त्याच्या शेजारच्या बाणावर दाबा आणि 'ओपन अँड रिपेअर' घ्या. नाहीच जमलं तर त्याच खिडकीत फाइलच्या प्रकारांच्या यादीत 'रिकव्हर टेक्स्ट फ्रॉम एनी फाइल' आहे, चित्रं आणि टेबलं जातात पण मजकूर हाती येतो. तेही नाही तर लिबरऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखंच दुसरं सॉफ्टवेअर. हे संपूर्ण फुकट आहे, सीडी नको, लायसन्सची की नको, आणि वर्ड जी फाइल नाकारतो ती लिबरऑफिसने उघडून दिल्याचं मी कितीतरी वेळा पाहिलंय. मायक्रोसॉफ्ट वर्क्स, वर्डपरफेक्ट, लोटस १-२-३ असल्या नामशेष प्रोग्रामच्या फाइलीसुद्धा ते उघडतं. वर्ड ९५ किंवा त्याच्या आधीची फाइल नवं वर्ड मुद्दाम अडवतं, ती बिघडलेली नसते, ट्रस्ट सेंटरमधल्या 'फाइल ब्लॉक सेटिंग्ज'मध्ये टिक काढून बघता येतं, पण मी तिथेही लिबरऑफिसच वापरतो आणि डॉकएक्स करून घेतो.

फाइल 'लॉक आहे, दुसरं कुणीतरी वापरतंय' असं येत असेल आणि घरात दुसरं कुणी नसेल तर त्याच फोल्डरात लपलेली एक छोटी फाइल असते, नावाची सुरुवात नागमोडी रेघ आणि डॉलरने. वर्ड पूर्ण बंद करून ती उडवा. मेलवरून आलेली फाइल उघडत नसेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली 'अनब्लॉक'ची टिक असते.

गणिताच्या शिक्षकांसाठी एक वेगळी गोष्ट. जुन्या प्रश्नपत्रिकांमधली समीकरणं आता एडिट होत नाहीत, याचं कारण तुमचं ऑफिस बिघडलंय हे नाही. जुना इक्वेशन एडिटर ३.० सुरक्षेच्या कारणाने मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमध्ये काढूनच टाकला. सीडीवरून परत टाकायच्या मागे लागू नका. लिबरऑफिसमध्ये टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, मायक्रोसॉफ्ट ऑफिस इथे 'मॅथटाइप'ची टिक लावा, समीकरणं त्याच्या स्वतःच्या एडिटरमध्ये उघडतात.

आणि एकाच फोल्डरातल्या सगळ्या फाइलींना एका रात्रीत विचित्र शेपटी लागली असेल आणि सोबत पैसे मागणारी चिठ्ठी असेल तर वरचं काहीही करू नका. ते रॅन्समवेअर आहे, फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. आधी नेट तोडा, बाहेरची हार्डडिस्क काढा. नो मोअर रॅन्सम म्हणून २०१६ पासून युरोपोल (युरोपची पोलीस यंत्रणा) आणि इतरांनी चालवलेला प्रकल्प आहे, काही जातींची चावी तिथे फुकट मिळते.

ऑफिसच रुसलं आणि सीडी नाही

वर्ड उघडताना अडकतं, लगेच बंद होतं. आधी कंट्रोल की दाबून धरून वर्डवर डबल क्लिक करा, सेफ मोडमध्ये उघडू का विचारेल, हो म्हणा. तसं नीट चाललं तर दोष कुठल्या तरी ॲड-इनचा, म्हणजे वर्डला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामचा, ऑप्शन्समध्ये ॲड-इन्स, खाली 'कॉम ॲड-इन्स', 'गो', सगळ्या टिका काढा आणि मग एकेक लावत जा. जुनी मराठी टायपिंग सॉफ्टवेअर आणि पीडीएफची ॲड-इन्स यात बऱ्याचदा सापडतात. त्याने नाही झालं तर 'नॉर्मल' नावाचं टेम्प्लेट बिघडलेलं असू शकतं, ते ॲपडेटामधल्या मायक्रोसॉफ्टच्या टेम्प्लेट्स फोल्डरात असतं, वर्ड बंद करून त्याचं नाव बदला, वर्ड नवीन बनवून घेतं.

मग रिपेअर. कंट्रोल पॅनेल, प्रोग्राम्स, ऑफिसवर क्लिक, 'चेंज'. नव्या ऑफिसमध्ये दोन पर्याय येतात, 'क्विक रिपेअर' पाच-दहा मिनिटांत आहे त्याच फाइलींवरून होतं, 'ऑनलाइन रिपेअर' अख्खं ऑफिस नेटवरून परत उतरवतं, म्हणून चांगलं नेट हवं आणि ज्या ईमेलवर ऑफिस घेतलंय त्याचा पासवर्ड हाताशी हवा. सीडी दोन्हीला लागत नाही. २०१३ पासूनचं ऑफिस विकत घेतलेलं असेल तर बहुतेक ते मायक्रोसॉफ्टच्या खात्याला जोडलेलं असतं, त्या खात्यात लॉगिन करून बघा.

ऑफिस २००३, २००७, २०१० ची गोष्ट वेगळी. एखादं बटण दाबलं की 'सीडी घाला' म्हणतं, २००३ मध्ये बहुतेक एसकेयू०११ नावाची कॅब फाइल मागतं. इन्स्टॉल करताना ऑफिसने सी ड्राइव्हवर एमएसओकॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात सगळं सामान ठेवलेलं असतं आणि दुरुस्ती तो तिथूनच करतो. जागा रिकामी करायची म्हणून कुणीतरी ते फोल्डर उडवतं आणि त्या दिवसापासून ऑफिस सीडी मागायला लागतं. रिसायकल बिन बघा, जुना बॅकअप बघा, फोल्डर परत जागेवर ठेवलं तर काम होऊ शकतं. नसेलच तर दोन-तीनदा कॅन्सल केल्यावर बऱ्याचदा वर्ड उघडतं, तेवढ्यात आपल्या फाइली बाहेर काढून घ्या. या आवृत्त्यांचा सपोर्ट कधीच संपलाय, २००३ चा एप्रिल २०१४ मध्ये, २००७ चा ऑक्टोबर २०१७ मध्ये, २०१० चा ऑक्टोबर २०२० मध्ये. त्यांच्यासाठी क्रॅक, ॲक्टिव्हेटर शोधत फिरू नका, अशा क्रॅकमधूनच ते रॅन्समवेअर येतं. लिबरऑफिस टाका आणि मोकळे व्हा.

एखादं विंडोज एक्सपीचं मशीन अजून चालू असेल आणि त्यात युनिकोड मराठी तुटक दिसत असेल, वेलांट्या सुट्या पडत असतील, तर रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समधली 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'ची टिक लागलेली नाही. ती लावली की एक्सपी सीडी मागतं. ब्रँडेड मशीन असेल तर हार्डडिस्कवरच आय३८६ नावाचं फोल्डर शोधा, ते दाखवलं की भागतं. पण त्यापेक्षा फाइली नव्या मशीनवर न्या, विंडोज व्हिस्टापासून हे सगळं आतच असतं.

पेजमेकरबद्दल थोडं, कारण मराठीतली कितीतरी पुस्तकं आणि दिवाळी अंक त्यातच अडकलेत. पेजमेकर ७ ही शेवटची आवृत्ती, २००१ ची. अडोबीच्या पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रामच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि पुढच्या फाइली उघडतात, म्हणून ज्या डीटीपीवाल्याने जुनं सीएस६ जपून ठेवलंय त्याला गाठा. लिबरऑफिस ड्रॉसुद्धा त्या उघडतं, मांडणी विस्कटते पण मजकूर मिळतो, आणि त्यावर परत फॉन्ट आणि कन्व्हर्टरचं वरचं सगळं. फॉन्ट टाइप-१ या जुन्या जातीचे असतील तर घाई करा, अडोबीने जानेवारी २०२३ मध्ये त्यांना सपोर्ट देणं थांबवलंय.

आमच्या वाचनालयात आता प्रत्येक जुन्या कागदाच्या फोल्डरात चार गोष्टी असतात: मूळ फाइल न बदलता, फॉन्ट भरलेली पीडीएफ, युनिकोडमधली प्रत, आणि एक छोटी टेक्स्ट फाइल, जिच्यात मूळ फॉन्टचं नाव, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलं आणि युनिकोड प्रत कुणी वाचून तपासली ते लिहिलेलं असतं. १९९८ ते २००९ ची इतिवृत्तं झालीत, सभासदांची जुनी रजिस्टरं अजून चालू आहेत.